केर कुणाच्या दारात?

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्याकडे घराघरांत झाडलोट सुरू होते. माळ्यावरची भांडी खाली उतरतात, भिंतींना चुन्याचा हात मिळतो, गोधड्या नदीवर जातात. घर लख्ख होते. लहानपणी मात्र मला एक प्रश्न पडे, आणि तो विचारला की आजी रागावे. एवढा केर निघाला, तो गेला कुठे? उत्तर सोपे होते. तो कुंपणापलीकडे गेला. पलीकडेही झाडलोट चालूच असे. त्यामुळे शेजारणीचा केर आमच्या बाजूला येई आणि हिशोब बरोबरीत सुटे.

हा प्रश्न मला पुन्हा आठवला तो गेल्या दिवाळीत. माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला होता. दूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात तो नोकरीला आहे. चकली मोडताना त्याची पिवळी पडलेली नखे मला दिसली.

"काय बनवता रे तिथे?" मी विचारले.

"औषधांना लागणारी पूड, गुरुजी."

"काम स्वच्छ आहे ना?"

तो हसला. म्हणाला, "माल एकदम पांढराशुभ्र निघतो, गुरुजी. माल दिवसा ट्रकनं जातो. उरलेलं रात्री नाल्यानं जातं."

वाचकहो, मी शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझे शिक्षण मॅट्रिकपुरतेच, आणि रसायनशास्त्राशी माझा संबंध तिथेच सुटला. पण त्या मुलाचे वाक्य काही केल्या मनातून जाईना. म्हणून वर्षभर मिळेल ते वाचले, जाणत्यांना विचारले. तेव्हा कळले की या केराचाही एक इतिहास आहे, आणि तो सांगायला बसले तर सुरुवात आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातून करता येते.

लोणारचे सरोवर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. विष्णूने लवणासुराला जिथे गाडले तो हा खड्डा, असे पुराण सांगते. आकाशातून अशनी येऊन काळ्या खडकात आदळला त्याचा हा खड्डा, असे शास्त्र सांगते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर, आणि तळाशी खारे, सोड्याने भरलेले पाणी. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की काठावर खाराचा थर उरतो. दल्ला, पापडी, भुसकी अशी त्याच्या प्रकारांना लोकांनी नावे दिली होती. काच करायला, साबणाला, रंगाऱ्याला आणि पापडाला तो उपयोगी पडे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आइन-ए-अकबरी'त वऱ्हाडचे वर्णन करताना लोणारच्या परिसरात काच आणि साबण यांना लागणारे सारे सापडते, असे नमूद करून ठेवले आहे.

या धंद्याची रीत पाहा. सूर्याने पाणी आटवायचे, माणसाने थर उचलायचा. कष्ट होते, पण मागे उरण्यासारखे काही नव्हते. सरोवरातून निघालेला सोडा हा सोडाच होता. त्याच्या जोडीला जन्मलेला केर नव्हता.

आता एक गमतीचा योगायोग सांगतो. १८२३ हे साल ध्यानात ठेवा. त्या साली अलेक्झांडर नावाचा एक इंग्रज अधिकारी लोणारला आला आणि ही जागा विलक्षण आहे, हे त्याने युरोपियनांच्या नजरेस आणले. त्याच साली इंग्लंडात लिव्हरपूल येथे जेम्स मस्प्रॅट नावाच्या उद्योजकाने मिठापासून सोडा काढण्याचा कारखाना सुरू केला. आणि त्याच साली जर्मनीत येना येथे डोबरायनर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हायड्रोजन वायूचा झोत प्लॅटिनमच्या भुशीवर सोडला. काडी न ओढता तो झोत आपोआप पेटला, आणि प्लॅटिनम मात्र होते तसेच राहिले. तिघांना एकमेकांची वार्ताही नव्हती. पण पुढची सारी कथा या तीन घटनांच्या पोटी जन्मली.

प्रथम मस्प्रॅटचा सोडा घेऊ. ही कृती त्याची नव्हे. निकोलस लब्लां या फ्रेंच माणसाची. मिठापासून सोडा करून दाखवील त्याला फ्रान्समध्ये बक्षीस जाहीर झाले होते. लब्लांने ते करून दाखवले, १७९१ साली त्याला हक्कपत्र मिळाले. पण राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याचा कारखाना जप्त झाला, बक्षीस मिळालेच नाही, आणि १८०६ साली त्या दुर्दैवी माणसाने आत्महत्या केली. त्याची कृती मात्र साऱ्या युरोपात पसरली. मिठात गंधकाम्ल घालून तापवायचे, मग जे होईल ते चुनखडी आणि कोळशाबरोबर भाजायचे. सोडा मिळतो खरा. पण पहिल्या पायरीला मिठाच्या तेजाबाचा जळजळीत वायू धुराड्यातून बाहेर पडतो, आणि शेवटच्या पायरीला कुजक्या अंड्यासारखी घाण मारणाऱ्या काळ्या राखेचे ढीग उरतात. वायूने आसपासची झाडे वाळली, पिके जळली. लोकांनी कज्जे केले, तेव्हा कारखानदारांनी धुराडी उंच बांधली. म्हणजे केर शेजाऱ्याच्या अंगणाऐवजी त्याच्यापलीकडच्या शेजाऱ्याच्या अंगणात पडू लागला!

अखेर १८६३ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला, की या वायूपैकी शंभरातले पंचाण्णव भाग कारखान्याने पाण्यात अडवलेच पाहिजेत. कारखानदारांनी ते अडवले. आणि ते तेजाबी पाणी नदीत सोडले. माझ्या विद्यार्थ्याचा नाला तो हाच. फक्त दीडशे वर्षे जुना.

साबण स्वस्त झाला, कापड पांढरे झाले, विलायती सोड्यापुढे अशा जुन्या खारांचे महत्त्व ओसरले. दुकानात गिऱ्हाईकाला सोड्याची किंमत दिसे. वाळलेली झाडे त्या किमतीत धरलेली नव्हती.

इथे डोबरायनरचे प्लॅटिनम आपल्या कथेत येते. स्वतः न संपता दुसऱ्यांचा संयोग घडवून आणणारे असे पदार्थ पुढे आणखी सापडत गेले, आणि १८३५ साली स्वीडनच्या बर्झेलियसने या करामतीला एक नाव दिले. मराठीत आपण अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतो. शब्द जड आहे, पण गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या कोणालाही समजेल अशी आहे. आपल्याकडे काही गावे घाटावर आहेत आणि काही घाटाखाली. समजा, राजूर घाटाचा रस्ता नाही आणि मलकापूरच्या माणसाला बुलढाण्याला यायचे आहे. सरळ कड्यावर चढायचे तर दम लागेल, पुष्कळ जण वाटेतच परततील, काही रानात भलतीकडे जातील. अशा वेळी एखादा वाटाड्या भेटतो. त्याला डोंगरातली उतरती खिंड ठाऊक असते. तो कमी चढाच्या वाटेने सर्वांना नेमके बुलढाण्यालाच पोचवतो, आणि स्वतः खाली परततो, दुसरी टोळी न्यायला. उत्प्रेरक हा रसायनांचा वाटाड्या आहे. त्याच्यामुळे उष्णता कमी लागते. आणि चांगला वाटाड्या असला तर रानात कोणी भरकटत नाही. म्हणजे नको असलेले भलतेच पदार्थ, अर्थात केर, कमी होतो.

सोड्याच्या केरालाही असाच वाटाड्या मिळाला. हेन्री डीकन नावाच्या इंग्रज कारखानदाराने १८६८च्या सुमारास तो तेजाबी वायू हवेबरोबर मिसळून, तांब्याचा क्षार मुरवलेल्या तापलेल्या मातीवरून नेला. वायूचे क्लोरीन झाले, आणि उरले ते पाणी! क्लोरीन चुन्यात मुरवले की कापड पांढरे करण्याची भुकटी होते. त्याच सुमारास, १८७० साली, आपल्या खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्घाटनाला आला होता. वऱ्हाडचा कापूस त्या वाटेने मुंबईला आणि तेथून विलायतेला चालला होता. पूर्वी ज्या वायूने झाडे वाळवली, तोच आता विलायतेत कापड उजळण्याच्या कामी येऊ लागला.

पण डीकनचा उत्प्रेरक फार दिवस टिकेना. वायूत सोमलासारखी अशुद्धी आली की तो निकामी होई. वाटाड्यालाही विषबाधा होते, हा धडा त्या वेळी मिळाला.

कापसाबरोबर सरकी आली, आणि सरकीबरोबर पुढचे प्रकरण. फ्रान्सच्या पॉल साबात्येने १८९७ साली दाखवले की निकेल या साध्या धातूची बारीक पूड हायड्रोजनला दुसऱ्या पदार्थांत सहज शिरवते. त्याबद्दल त्याला १९१२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. जर्मनीच्या नॉर्मानने १९०२ साली हीच युक्ती तेलाला लावली, आणि पातळ तेल तुपासारखे घट्ट झाले. अमेरिकेत १९११ साली सरकीच्या तेलाचे असे 'तूप' बाजारात आले. आपल्याकडे १९३७ साली डालडा आला आणि पिवळ्या डब्यावरचे ते ताडाचे झाड घराघरांत पोचले. डबा रिकामा झाला की त्यात तुळस लावायची, ही आमच्या घरची रीत होती.

निकेलने काम चोख केले. पूड गाळून काढली की पुन्हा वापरता येई. पण हा वाटाड्या काही प्रवाशांना वाकड्या गावी सोडत होता, हे फार उशिरा कळले. तेल अर्धवट घट्ट करताना त्यातील काही कणांची ठेवण पालटते. त्यांनाच आज ट्रान्स फॅट म्हणतात, आणि ते हृदयाला घातक ठरले. भारतात जानेवारी २०२२पासून तेलातुपातील त्यांचे प्रमाण शंभरात दोनच्या आत ठेवण्याचे बंधन आले. केर नाल्यात गेला नाही, तर तो थाळीत आला होता. दिवाळीच्या अनारशांतून आम्ही तो आनंदाने खाल्ला.

असो. स्वातंत्र्य मिळाल्यावर आपल्या देशानेही हे शास्त्र हाती घेतले. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली. तिचे पहिले संचालक परदेशी होते. पण १९६६ ते १९७८ या काळात तिची धुरा आपल्या वऱ्हाडातील कारंज्याला जन्मलेल्या बाळ दत्तात्रेय टिळकांकडे होती. ते मूळचे रंगांचे रसायनज्ञ. आणि रंगांच्या धंद्यात केराचा प्रश्न किती मोठा, हे एका उदाहरणावरून दिसेल. रंगांची जननी म्हणजे ॲनिलीन. ते करण्याची १८५४ सालची जुनी रीत अशी, की लोखंडाचा कीस आणि तेजाब घालायचे. ॲनिलीन निघते, पण त्याबरोबर काळ्या लोखंडी चिखलाचे डोंगर उरतात. तेच काम हायड्रोजन आणि उत्प्रेरक यांच्याकडून करवून घेतले, तर उरते फक्त पाणी. १९८०च्या दशकात याच प्रयोगशाळेने एन्सिलाइट नावाचा स्वदेशी उत्प्रेरक कारखान्यापर्यंत नेला.

तिकडे मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, कोल्हापूर जिल्ह्यातील अर्जुनवाड्याला १९५२ साली जन्मलेल्या गणपती यादवांनी घन आम्लांचा ध्यास घेतला. त्यामागचा विचार आपल्या गृहिणींनाही पटेल. पातळ तेजाब हे वरणात पडलेल्या मिठासारखे. काम झाल्यावर ते वेगळे काढता येत नाही. मग ते मारायला सोडा घाला, धुवायला पाणी घाला, आणि ते खारे पाणी सोडून द्या. घन आम्ल हे चहातल्या आल्याच्या तुकड्यासारखे. गुण उतरला की गाळून घ्यावे. अशा आम्लांच्या एका मालिकेला त्यांनी आपल्या विभागाच्या जुन्या आद्याक्षरांवरून यूडीकॅट असे नाव दिले.

१९९२ साली रॉजर शेल्डन या शास्त्रज्ञाने एक फार साधा प्रश्न कारखान्यांना विचारला. एक किलो मालामागे केर किती किलो? मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या रसायनांत उत्तर आले पाच किलोच्या आत. औषधांत ते पंचवीसपासून शंभर किलोपर्यंत, आणि त्याहूनही अधिक गेले. ज्या पांढऱ्याशुभ्र गोळीने माझा ताप उतरतो, तिच्या मागे एवढे गाठोडे असते, हे वाचून मी थक्क झालो. कुंपणापलीकडे काय पडले, ते इथे प्रथमच मोजले गेले.

माझ्या विद्यार्थ्याला मी पत्राने विचारले, की तुमच्याकडे उत्प्रेरक वापरतात का? त्याने लिहिले, "वापरतात. कोळशाच्या काळ्या पुडीवर पॅलेडियम नावाचा धातू बसवलेला असतो. काम झाल्यावर ती पूड गाळतो. सुकली तर पेट घेते म्हणून ओलीच ठेवतो, आणि धातू परत काढायला पाठवतो. गुरुजी, त्या पुडीचा हिशोब ग्रॅमपर्यंत ठेवतात. नाल्याचा हिशोब कोणीच ठेवत नाही."

या पत्रातली दुसरीच एक गोष्ट मला खुणावू लागली. महाग आहे तो धातू; कोळसा नुसता त्याला बसायला दिलेला पाट. पण पाटच जर कामाला लागला तर? धातूच नको असला तर?

शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला होता. कोळसा, पेन्सिलीतले शिसे आणि पणतीवर धरलेल्या ताटलीला लागणारी काजळी ही सारी एकाच कार्बनची रूपे. पेन्सिलीतले ते शिसे म्हणजे ग्रॅफाइट. ते एखाद्या वहीसारखे असते, पान चिकटून पान. एक मिलिमीटर जाडीत सुमारे तीस लाख पाने! त्यातले एकच पान सुटे करणे अशक्य मानले जाई. २००४ साली इंग्लंडात मँचेस्टर येथे गाइम आणि नोवोसेलोव या दोघांनी ते केले, आणि कशाने? साध्या चिकटपट्टीने. पट्टी लावायची, ओढायची. पुन्हा लावायची, पुन्हा ओढायची. त्या एका पानाचे नाव ग्राफीन. २०१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या पानाची विशेषता शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. एक ग्रॅम ग्राफीन पूर्ण सुटे करून दोन्ही बाजू मोजल्या, तर त्यांचे क्षेत्रफळ सव्वीस गुंठे भरते. चिमूटभर पुडीत पाऊण एकराच्या जवळपास जमीन! उत्प्रेरकाचे सारे काम पृष्ठभागावर चालते. म्हणून असा विस्तार म्हणजे वाटाड्यांची मोठी फौजच. २०१० साली अमेरिकेत टेक्सास येथे बिलाव्स्कीच्या चमूने दाखवले की ग्राफीन ऑक्साइड, म्हणजे प्राणवायू जोडलेले हे पान, कुठल्याही धातूवाचून एका अल्कोहोलपासून कडू बदामाच्या वासाचा पदार्थ करून देते. पानात मधूनमधून नायट्रोजनचे कण पेरले तर ते इंधनघटात महागड्या प्लॅटिनमच्या जागी बसण्याचा प्रयत्न करते. पुण्याच्या प्रयोगशाळेतही ग्राफीनवर असे उत्प्रेरक घडवण्याचे संशोधन झाले आहे.

हे वाचून मी हुरळलो. काजळी जग स्वच्छ करणार, ही कल्पना कोणत्याही कादंबरीकाराला भुरळ घालील अशीच आहे. पण इतिहासाने लब्लांच्या आणि डालड्याच्या गोष्टी सांगून मला शहाणे केले होते. म्हणून आजीला विचारलेला प्रश्न मी ग्राफीनलाही विचारला. तुझा केर कुठे आहे?

तर तो आहे. ग्राफीन ऑक्साइड करण्याची सर्वांत रूढ रीत १९५८ सालची, हमर्स याची. तीव्र गंधकाम्लात ग्रॅफाइट भिजवून त्यात पोटॅशियम परमँगनेट घालायचे, आणि मग पाण्याने धूत बसायचे. ते आम्लाचे पाणी शेवटी कुठेतरी जातेच. शिवाय त्या परमँगनेटमधला मँगनीज आणि मूळ खनिजातले लोह ग्राफीनला चिकटून राहते. तेव्हा 'धातूवाचून' म्हटलेले काम प्रत्यक्षात तोच चोरटा धातू करत नाही ना, अशी शंका पुढे काही ठिकाणी खरी ठरली. २०२० साली प्राग येथील पुमेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर थट्टाच केली. ग्राफीनमध्ये जो तो काहीतरी कालवतो आणि सुधारणा झाली म्हणतो, म्हणून त्यांनी चक्क पक्ष्यांची विष्ठा कालवली. गंमत अशी, की तेवढ्यानेही ग्राफीनचे काम सुधारले! शास्त्राने शास्त्राचे कान धरावेत ते असे.

याचा अर्थ ग्राफीन कुचकामी, असा नव्हे. ते वीस वर्षांचे पोर आहे. डीकनची युक्तीही पहिल्या फेरीत अडखळली होती. अर्थ एवढाच, की नवा वाटाड्या आला म्हणून त्याच्या गळ्यात हार घालण्याआधी तो कुठून आला, त्याला तयार करताना काय सांडले आणि तो प्रवाशांना नेमका कुठे सोडतो, हे विचारले पाहिजे. स्वच्छ माल आणि स्वच्छ काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण आजवर पहिलीलाच दुसरी समजत आलो.

या उन्हाळ्यात मी मुलांना घेऊन लोणारला गेलो. २०२० साली हे सरोवर जूनमध्ये अचानक गुलाबी झाले होते. खारेपण वाढल्याने त्यात वाढलेल्या सूक्ष्म जीवांनी तो रंग दिला, असे पुण्याच्या आघारकर संस्थेने शोधून काढले. त्याच वर्षी रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांत, लोणारचे नाव आले. आता तिथला खार कोणी काढत नाही. काठावर उभे राहून मी मुलांना अबुल फजलची नोंद सांगितली, सूर्य कसा पाणी आटवी ते सांगितले. मग एका मुलीने वर गावाकडे बोट दाखवून विचारले, "गुरुजी, गावातलं सांडपाणी कुठं जातं?"

मी पटकन उत्तर दिले नाही. सांडपाणी सरोवरात उतरते ही तक्रार नागपूर खंडपीठापर्यंत गेलेली आहे, हे मला ठाऊक होते. चारशे वर्षांपूर्वी जिथून साबणाचे साहित्य निघे, त्याच पाण्याबद्दल आज ही तक्रार करावी लागते. ते मी मुलांना सांगितले. मात्र तिच्यावर मी रागावलो नाही. माझ्या आजीचे चुकत असे ते तेवढेच.

यंदाच्या दिवाळीत तो विद्यार्थी पुन्हा येणार आहे. त्याने लिहिले आहे की कारखान्यात आता मालाच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवली आहे. रोज किती केर निघाला, त्याची. नाला अजून वाहतोच. पण वही सुरू झाली आहे, आणि ती लिहायचे काम त्याच्याकडे आले आहे.

नरक चतुर्दशीच्या पहाटे आमच्याकडे पणतीवर ताटली धरून काजळ पाडतात. यंदा ते मी माझ्या हाताने पाडणार आहे, आणि आलेल्या मुलाला आधी ते दाखवून मगच फराळाला बसवणार आहे.